सुवर्णाची धांव आणि ऐतिहासिक कादंबरी : हट्टी व मस्की येथील साधनांचा विचार

कादंबऱ्यांची परीक्षा करणें हें या त्रैमासिकाचें नेहमींचें काम नव्हे. येथें पत्रें, सनदा, शिलालेख व नाणीं यांचा विचार व्हावयाचा, आणि तेंच योग्य आहे. तथापि गेल्या पावसाळ्यांत इस्लापूर मुक्कामीं आमच्या हातीं एक हस्तलिखित आलें व त्याच्या निमित्तानें आम्हांस जो शोध करावा लागला, त्याचा संबंध अखेर अशोकाच्या एका लेखापर्यंत पोंचला. म्हणून तो वृत्तांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही धाडस करीत आहों.

हस्तलिखित आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचें होतें. कथानक थोडक्यांत असें : इ. स. १८८७ मध्यें इस्लापुराजवळ सहस्रकुंडाच्या धबधब्याखालीं पैनगंगेच्या वाळूंत सोन्याचे कण सांपडतात. बातमी फुटते. वऱ्हाड, खानदेश व तेलंगण येथील माणसें आगगाडीनें नांदेडास उतरतात आणि गाड्या जुंपून नदीकांठीं लोटतात. राहुट्या उभ्या राहतात. वाण्याचें दुकान, कलालाचा गुत्ता व सावकाराची पेढी निघते. जो तो चार खुंट्या ठोकून आपला तुकडा आंखून घेतो. पुढें भांडणें, खून, एका विधवेची फसवणूक इत्यादि. लेखणी चांगली होती. रात्रीं दोन वाजेपर्यंत आम्हांस कंदील मालवितां आला नाहीं. परंतु सकाळीं शांतपणें विचार करतां आमच्या ध्यानांत आलें कीं, यांतील एकही माणूस या भूमीवरचा नाहीं. विद्यार्थ्यास विचारतां त्यानें प्रांजळपणें सांगितलें कीं, ही स्फूर्ति त्यास एलिनॉर कॅटन या लेखिकेच्या 'द ल्युमिनरीज' या कादंबरीवरून झाली. ती कादंबरी त्यानें आम्हांस वाचावयास दिली. आठशेंहून अधिक पानांचा ग्रंथ. आमच्या वयास तो हातांत धरून वाचणेंही श्रमाचेंच होतें.

ही कादंबरी इ. स. २०१३ मध्यें प्रसिद्ध झाली व त्याच वर्षीं तिला बुकर पारितोषिक मिळालें. स्थळ न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा, गांव होकिटिका, काळ १८६५-६६. त्या किनाऱ्यावर नुकतेंच सोनें सांपडलेलें असल्यामुळें वर्षा-दोन वर्षांपूर्वीं जेथें कांहींच नव्हतें तेथें बंदर, पेढ्या, खानावळी व न्यायकचेरी उभी राहिली आहे. २७ जानेवारी १८६६ च्या रात्रीं वॉल्टर मूडी नांवाचा तरुण एका खानावळीच्या दिवाणखान्यांत शिरतो, तों तेथें बारा पुरुष गुपचूप जमलेले त्यास आढळतात. एका एकांतवासी मनुष्याचा मृत्यु, त्याच्या झोपडींत सांपडलेलें सुमारें चार हजार पौंडांचें सोनें आणि एका धनिक तरुणाचें नाहींसें होणें या तीन गांठी सोडविण्यासाठीं ते जमले आहेत. स्थलांतरित इंग्रज व स्कॉच यांच्याबरोबर त्या बारांत दोन चिनी आहेत व एक मावरी आहे. बारा पुरुष हे बारा राशी. त्यांच्याभोंवतीं फिरणारीं दुसरीं पात्रें हे ग्रह. ग्रंथाचे भागही बारा, आणि चंद्राची कोर झिजावी त्याप्रमाणें प्रत्येक भाग मागल्याहून लहान होत जातो.

येथें थोडें विषयांतर करण्याची परवानगी असावी. युरोपांतील फलज्योतिषी सामान्यतः सायन राशी धरतात, हें वाचकांस ठाऊक आहेच. या लेखिकेनें मात्र आरंभींच्या सूचनेंत अयनचलन मान्य करून ग्रहांचीं स्थानें आकाशांतील प्रत्यक्ष तारकासमूहांवरून घेतल्याचें सांगितलें आहे. म्हणजे तिची रीत आपल्या निरयन पंचांगाच्या जवळची झाली! पहिल्या प्रकरणाचें नांवच 'धनु राशींत बुध' असें आहे. सायन गणनेनें तो बुध मकरेंत पडला असता. त्या वेळचें अयनांश सुमारें २२ असल्यामुळें हा फरक क्षुल्लक नव्हे. फलज्योतिषावर आमचा विश्वास नाहीं. परंतु कथेसाठीं दीडशें वर्षांपूर्वींचे ग्रह मोजून घेणारी लेखिका बाकीचे तपशीलही मोजून घेत असली पाहिजे, अशी खात्री वाटून आम्ही आदरानें पुढें वाचूं लागलों. निवेदनही तिनें आमच्याप्रमाणेंच 'आम्ही' म्हणून केलें आहे.

आतां मुख्य प्रश्न. जी गोष्ट होकिटिकेस घडली ती पैनगंगेकांठीं कां घडूं शकली नसती? पहिलें कारण खडकाचें. सहस्रकुंड येथें नदी ज्या काळ्या पाषाणावरून उडी घेते तो दख्खनचा लाव्हाजन्य पाषाण होय. दक्षिणेंतील सोनें अशा पाषाणांत नसतें. तें त्याहून फार प्राचीन अशा, धारवाडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकांच्या पट्ट्यांत, गारगोटीच्या शिरांतून आढळतें. असे पट्टे कोलार, गदग व रायचूर या बाजूस आहेत. आमच्याकडे शेतकरी कापसास पांढरें सोनें म्हणतात, तेवढेंच काय तें येथलें सोनें. दुसरें, १८८७ सालीं नांदेडास आगगाडी नव्हती. मनमाडाकडून सिकंदराबादेस जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला. तिसरें, विद्यार्थ्याचे सावकार कंपनी सरकारचे रुपये मोजतात. निजामाच्या मुलखांत चलन हाली शिक्क्याचें होतें. या चुका दुरुस्त करतां येण्यासारख्या आहेत. गाडी काढून टाकावी, रुपये बदलावे, नदी सोडून रायचुराकडे जावें, कीं काम झालें, असें विद्यार्थ्यास वाटलें. पण खरी अडचण याहून खोल आहे व ती कायद्याची आहे.

न्यूझीलंडांत किंवा ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत सोनें सांपडलें तेव्हां कोणाही सामान्य मनुष्यास अल्प वार्षिक शुल्क भरून परवाना मिळत असे. व्हिक्टोरियांत १८५४ च्या खाणकऱ्यांच्या बंडानंतर हें शुल्क वर्षास एक पौंड ठरलें. या कागदाच्या बळावर त्यानें नियमांत बसेल एवढा तुकडा आंखून घ्यावा व खणावें. खुंट्या, राहुट्या, रातोरात उठणारें गांव, शेजाऱ्याचा मत्सर हें सर्व नाट्य त्या एका परवान्यांतून जन्मास आलें. ती जमीन तरी कोणाची होती? होकिटिकेचा किनारा ज्या प्रदेशांत येतो तो सुमारें सत्तर लक्ष एकरांचा मुलूख इंग्रज सरकारनें १८६० मध्यें मावरी लोकांकडून अवघ्या तीनशें पौंडांस घेतला होता. पुरतीं पांच वर्षेंही लोटलीं नाहींत तों तेथें सोन्यासाठीं झुंबड उडाली. मावरींस त्या नद्यांतील हिरवा दगडच सोन्याहून मोलाचा होता. कादंबरींतील मावरी पुरुष हाच हिरवा दगड शोधीत फिरतो, आणि आमच्या मतें सबंध ग्रंथांत तोच एक मनुष्य असा आहे, जो तेथें आलेला नाहीं, तर तेथला आहे.

आपल्याकडे भूगर्भांतील धातूवर राजाची सत्ता, ही कल्पना फार जुनी आहे. कौटिल्यानें आकराध्यक्षाचें प्रकरणच स्वतंत्र लिहिलें असून ज्या खाणींस खर्च व खटाटोप अधिक त्या राजानें भागानें किंवा प्रक्रयानें, म्हणजे उत्पन्नाच्या हिश्शानें किंवा ठराविक रकमेनें, दुसऱ्यास द्याव्या व सोप्या असतील त्या आपण चालवाव्या, असा नियम घालून दिला आहे. सामान्य प्रजाजनानें खुंट्या ठोकून घ्याव्या, ही शक्यता त्याच्या स्वप्नींही नाहीं. निजामाच्या राज्यांत १८८६ सालीं जें घडलें तें या नियमाशीं इतकें जुळतें कीं आम्हांस हसूं आलें. खाण खर्चाची होती, म्हणून ती दुसऱ्यास दिली. आणि ती 'भागा'नेंच दिली. मात्र हे भाग लंडनच्या बाजारांत विकावयाचे होते!

तो मक्ता असा. १८८६ मध्यें वॉटसन व स्टुअर्ट या दोघां इंग्रज गृहस्थांस सबंध हैदराबाद राज्यांतील खनिजें शोधून काढण्याचा व ९९ वर्षांच्या मुदतीनें चालविण्याचा एकाधिकार मिळाला. तो चालविण्यासाठीं लंडनांत हैदराबाद (डेक्कन) कंपनी निघाली. तिचें भांडवल दहा लक्ष पौंड, दहा पौंडांचा एक याप्रमाणें एक लक्ष भाग. यांपैकीं ८५,००० भाग पूर्ण किंमत भरलेले असें समजून मक्तेदारांच्या पदरांत पडले. रोख पैसे फक्त उरलेल्या १५,००० भागांवर यावयाचे होते. पुढें राज्याचा एक बडा अधिकारी, सरदार अब्दुल हक्क, यानें सरकारच्या वतीनें हेच दहा पौंडांचे भाग बारा बारा पौंडांस खरेदी केले, आणि ते त्याच्या स्वतःच्याच वांट्याचे होते असें मागाहून उघडकीस आलें. १८८८ मध्यें तो अधिकारावरून दूर झाला व त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटनें नेमलेल्या समितीनें या व्यवहाराची चौकशी केली. सोन्याची धांव म्हणावयाची ती ही. यांत कुदळ नाहीं, राहुटी नाहीं. धांवले ते कागद. गंमत अशी कीं, ज्या कंपनीच्या नांवाभोंवतीं हा गोंधळ झाला तिला पैसा मिळवून दिला तो सिंगरेणीच्या दगडी कोळशानें. तो कोळसा भूस्तरशास्त्रज्ञ विल्यम किंग यांस येल्लंदुजवळ १८७१ मध्येंच आढळला होता.

येथें विद्यार्थी निराश झाला. वसाहतवाले आणि सोनें यांची गांठ हिंदुस्थानांत पडलीच नाहीं काय, असें त्यानें विचारलें. पडली, परंतु आमच्याकडे नव्हे. मद्रास इलाख्यांतील वायनाडांत इंग्रज मळेवाले कॉफी लावून राहिले होते व कॉफीच्या रोगांनीं हैराण झाले होते. व्हिक्टोरिया प्रांताच्या खाणखात्याचे माजी चिटणीस ब्रो स्मिथ यांस सरकारनें तेथें पाठविलें. त्यांचा आशादायक अहवाल १८८० मध्यें प्रसिद्ध होतांच लंडनांत वर्षभरांत तीसांहून अधिक कंपन्या निघाल्या. त्यांचें भांडवल चाळीस लक्ष पौंडांहून अधिक होतें. देवाला व पंडालूर या भागांतील मळे कॉफीच्या नव्हे, तर सोन्याच्या आशेच्या भावानें विकले गेले. यंत्रें डोंगर चढून येतात न येतात तोंच दोन-तीन वर्षांत सर्व आटोपलें. मळेवाल्यास त्याच्या मरणपंथास लागलेल्या झाडांची किंमत मिळाली. बुडाला तो कागद घेणारा. कोलारची कथा निराळी. मायकेल लॅव्हेल हा आयरिश सैनिक न्यूझीलंडांत मावरी लोकांशीं झालेल्या युद्धांत लढून बंगलोरास येऊन राहिला होता. त्यानें १८७३ मध्यें म्हैसूर सरकाराकडे खाणीचा परवाना मागितला. म्हणजे होकिटिकेच्या देशाची हवा खाल्लेला मनुष्यच कोलारास कारण झाला. त्या खाणी जॉन टेलर आणि मंडळींनीं १८८० पासून नांवारूपास आणल्या व त्या २००१ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाल्या. मजुरांची तीन-चार पिढ्यांची वस्ती तेथें झाली. तो विषय मोठा आहे व तो तमिळ आणि कन्नड लेखकांनींच हाताळावा.

आपल्या राज्यांतलें म्हणून जें सोनें आम्हांस दाखवितां येईल तें रायचूर जिल्ह्यांत लिंगसुगूर तालुक्यांतील हट्टी येथलें. 'आपल्या राज्यांतलें' हे शब्द आम्ही जुन्या अर्थानें वापरतों. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत इस्लापूर मंडळ आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यांत होतें. राज्यपुनर्रचनेच्या ज्या कायद्यानें तें तेथून काढून मुंबई राज्यास जोडलें, त्याच कायद्यानें लिंगसुगूर म्हैसूर राज्यांत गेलें. तोंपर्यंत हट्टी आणि इस्लापूर एकाच छत्राखालीं होतीं. या नात्याच्या बळावर आम्ही विद्यार्थ्यास घेऊन तिकडे गेलों.

हट्टीच्या खाणींत या कंपनीच्या आश्रयानें १९०२ ते १९२० पर्यंत काम चाललें व सात टनांहून अधिक सोनें निघालें. पण इंग्रज अभियंते तेथें उतरले तेव्हां त्यांना आढळलें कीं, त्यांच्या अगोदर कोणी तरी हें सर्व करून गेलें आहे. प्राचीन लोकांचीं विवरें ६४० फुटांपर्यंत खोल गेलेलीं होतीं. राख व कोळसा यांवरून असें दिसतें कीं, ते आंत लांकडें पेटवून खडक तापवीत व मग तो फोडीत. बाहेरच्या खडकांवर बशीसारखे खळगे असून त्यांत मोठाले धोंडे फिरवून गारगोटीचें पीठ करीत. विवरांत सांपडलेल्या लांकडांचें वय नव्या किरणोत्सर्गी कोळशाच्या रीतीनें सुमारें दोन हजार वर्षांचें ठरलें आहे. ६४० फूट म्हणजे पन्नास-साठ मजल्यांचें घर उलटें जमिनींत घालावें तेवढें. आणि तेथें धूर, अंधार व पाझरणारें पाणी. विद्यार्थी त्या खळग्यांपैकीं एकांत हात घालून बराच वेळ बसला होता. आम्हीं त्यास हांक मारली नाहीं.

तेथून मस्की फार दूर नाहीं. १९१५ सालीं निजाम सरकारचे सुवर्णखाणीचे अभियंते बीडन हे सोन्याच्या शोधांत हिंडत असतां त्यांस तेथें खडकावर लेख दिसला. तो अशोकाचा निघाला, व त्याच वर्षीं कृष्णशास्त्री यांनीं तो हैदराबादच्या पुराणवस्तु मालेच्या पहिल्या अंकांत संपादून प्रसिद्ध केला. तोंवर उपलब्ध असलेल्या धर्मलेखांत राजा स्वतःस 'देवानांप्रिय', 'प्रियदर्शी' एवढेंच म्हणवितो. तो अशोकच होय हें सिंहली ग्रंथांच्या आधारानें मानलें जात असे. मस्कीच्या लेखांत प्रथमच अशोक हें नांव स्पष्ट आलें. इतिहासास १९१५ मध्यें जें सर्वांत मोठें सोनें सांपडलें तें सोनें शोधणाऱ्याच्या हातून, आणि तें गारगोटींत नव्हतें.

मौर्यांस इतक्या दक्षिणेस काय हवें होतें, याचें उत्तर अनेक विद्वान या खाणींतच शोधतात. ब्रह्मगिरी व सिद्धापूर येथील लेखांत सुवर्णगिरी येथील आर्यपुत्र व महामात्र यांच्याकडून इसिल येथील महामात्रांस आज्ञा गेल्याचा उल्लेख आहे. सुवर्णगिरी म्हणजे मस्की, कीं जवळचें कनकगिरी, कीं कर्नूलकडचें जोन्नगिरी, याविषयीं मतभेद आहेत. परंतु दक्षिणेच्या राजप्रतिनिधीचें ठाणें सोन्याच्या नांवाचें असावें, हें निरर्थक नसावें. 'इसिल' हें नांव वाचून पूर्वीं एकदां आमच्या मनांत इस्लापूर चमकून गेलें, हें येथें कबूल केलें पाहिजे. गांवाचा अभिमान माणसास कोठें नेऊन सोडील याचा नेम नाहीं. इसिल चित्रदुर्गाच्या बाजूस ब्रह्मगिरीच्या परिसरांतच होतें, यांत शंका नाहीं.

याच जातीची दुसरी चूक आमच्या हातून अधिक उघडपणें घडलेली आहे. अमरकोश शिकवितांना सुवर्णाच्या पर्यायांत 'हाटक' शब्द आला कीं आम्ही मुलांस सांगत असूं, 'हाटक म्हणजे हट्टीचें सोनें.' ही व्युत्पत्ति कोठून उचलली तें आतां आठवत नाहीं. बहुधा कोठूनही नाहीं, ध्वनि जुळला एवढेंच. हट्टी म्हणजे कन्नडांत गुराढोरांची वाडी. अशीं गांवें कर्नाटकांत पुष्कळ आहेत. हाटक हा शब्द कौटिल्याच्या सुवर्णाच्या जातींतही जांबूनद व शातकुंभ यांच्या मालिकेंत येतो. त्याचा या गांवाशीं संबंध दाखविणारा पुरावा नाहीं. हस्तलिखिताच्या तिसऱ्या प्रकरणांत एक पंतोजी ऐटीनें हीच व्युत्पत्ति सांगतो, तें वाचतांना आमचे कान तापले. विद्यार्थ्यानें ती मोठ्या भक्तीनें तीस वर्षें जपून ठेविली होती.

परतीच्या गाडींत त्यानें विचारलें, 'मग मास्तर, मीं लिहूं तरी काय?' आम्हीं आमचें मत सांगितलें तें असें. होकिटिकेची कादंबरी खरी वाटते, कारण ती तेथल्या परवान्यावर, तेथल्या बंदरावर व तेथल्या आकाशावर उभी आहे. तो सांगाडा उचलून पैनगंगेवर ठेवतां येत नाहीं. आपल्याकडे सोन्याच्या पाठीमागें दोन प्रकारचीं माणसें गेलीं. एकांनीं खाण कधीं पाहिली नाहीं व त्यांची नांवें समितीच्या अहवालांत छापलेलीं आहेत. दुसरीं खाणींतून बाहेर क्वचित् आलीं व त्यांचीं नांवें कोठेंच नाहींत. १९२० मध्यें हट्टीचे पंप थांबले, विवरांत पाणी चढलें व लोक पांगले. पुन्हां कंपनी निघून सोनें बाहेर यावयास १९४७-४८ साल उजाडलें. या पंचवीस-सत्तावीस वर्षांत त्या वस्तींतील एक घर कोठें गेलें, कशावर जगलें, एवढें जरी कोणीं लिहिलें तरी तें या भूमीचें होईल. त्यांत हाली शिक्का असावा, फसली सन असावा, आणि मक्ता असावा.

विद्यार्थी हल्लीं हैदराबादच्या अभिलेखागारांत दप्तरें चाळीत आहे. उर्दू वाचावयास तो आमच्याच गांवच्या एका वृद्ध मौलवीसाहेबांकडे बसला. जुन्या हस्तलिखिताचीं बाकीचीं पानें त्यानें नेलीं. सहस्रकुंडाच्या वाळूंत पहिला कण चमकतो तें प्रकरण मात्र आम्हीं मागून घेऊन जवळ ठेविलें आहे.